प्रचारखर्चाची वही कशी तपासावी

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर किंवा निपाणीतल्या विधानसभेच्या प्रचारखर्चावर लक्ष ठेवायचे तुम्ही मनावर घेतले असेल, तर कट्ट्यावरच्या चर्चेपेक्षा उमेदवाराच्या खर्चाच्या नोंदवहीपासून सुरुवात करावी, असे मला कळकळीने वाटते. निकालानंतर 30 दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवाराला, अगदी हरलेल्यालाही, हा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो आणि नाममात्र शुल्क भरून तो कोणालाही पाहता येतो. कर्नाटकात खर्चाची मर्यादा 40 लाख रुपये आहे. वहीतील पांढरी पाने रोजच्या खर्चाची, गुलाबी रोकडीची आणि पिवळी बँकेची असतात. ही तिन्ही एकमेकांशी ताडून पाहा, कारण लबाडी बहुधा तिथेच उघडी पडते. एका सभेत मी स्वतः मांडवाखालच्या खुर्च्या रांगेने मोजल्या, तर त्या आठशेच्या वर भरल्या; वहीत मात्र दोनशेच होत्या. म्हणून सभेच्या दिवशीच खुर्च्या आणि गाड्यांचे क्रमांक टिपून ठेवा. उमेदवार आपल्या मराठी माणसांपैकी असला, तरी त्याला सूट देऊ नका. हिशेब पाहण्यासाठीचा अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतलात तर काम लवकर होते, यात कमीपणा मानू नये. पोच मात्र शिक्क्यासह घ्या.