मॉनिटर दोन, व्हीएमला दिसतो एकच

प्रश्न : लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा कॉम्प्युटर) केलीय आणि तिच्यात विंडोज चालवतो, कारण कामाचं एक सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालतं. टेबलावर फुल एचडीचे दोन मॉनिटर आहेत. व्हीएम फुल स्क्रीन केली की ती एकाच मॉनिटरवर जाते, दुसऱ्यावर लिनक्सचा वॉलपेपर बघत बसायचं. शेवटी फुल स्क्रीन सोडलं आणि व्हीएमची विंडोच माऊसने ओढून दोन्ही मॉनिटरभर ताणली. आता टास्कबार या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांबलचक झालाय, काहीही मॅक्सिमाइज केलं की ते दोन्हीकडे पसरतं, आणि मेसेज आला की बरोब्बर दोन मॉनिटरच्या फटीत उघडतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधे 'डिटेक्ट' दाबून दाबून बोट दुखलं, दुसरा मॉनिटर सापडतच नाही. काय चुकतंय?

उत्तर : चुकत काहीच नाहीये हो, तुम्ही जे मागितलंत तेच मिळालंय. विंडो ताणलीत तेव्हा आतल्या विंडोजला एकच मॉनिटर मिळाला, फक्त जरा विचित्र आकाराचा, साधारण 3840 बाय 1080. तुमच्या टेबलावर दोन डबे शेजारी ठेवलेत आणि मधे प्लास्टिकची काळी पट्टी आहे हे त्याला कुठून कळणार? मेसेज बॉक्स स्क्रीनच्या मध्यावर उघडायचा असतो, तो बिचारा मध्यावरच उघडतोय. अर्धा प्रश्न डावीकडे, अर्धा उजवीकडे, 'ओके' या मॉनिटरवर आणि 'कॅन्सल' त्या. मी स्वतः असे काही दिवस काढलेत, मान डावी-उजवी करून करून वैताग येतो.

म्हणजे तुम्हाला डिस्प्ले ताणायचा नाहीचे, तुम्हाला व्हीएममधे दोन मॉनिटर हवेत. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो (हा आकडा माझ्या मनातला, मोजायला जाऊ नका).

आता 'डिटेक्ट' का चालत नाही ते बघू. विंडोज तो प्रश्न तुमच्या खऱ्या ग्राफिक्स कार्डाला विचारतच नाही, व्हर्च्युअलबॉक्सने बनवून दिलेल्या खोट्या कार्डाला विचारतं. आणि त्या कार्डाला मॉनिटर किती लावलेत हे मागून केबल खोचून ठरत नाही, सेटिंगमधल्या एका आकड्यावरून ठरतं, तो आकडा मुळात 1 असतो. तो बदलायचा, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आधी व्हीएम नीट शटडाउन करा. 'सेव्ह स्टेट' करून बंद केली असेल तर ते चालणार नाही, सेव्ह केलेल्या मशीनचं हार्डवेअर मधेच बदलू देत नाहीत, हा पर्याय फिका पडलेला दिसेल आणि तुम्हाला वाटेल आपल्या व्हर्जनमधे हे नाहीचे. पूर्ण बंद झाली की सेटिंग्ज, डिस्प्ले, स्क्रीन, आणि मॉनिटर काउंट 2. इथे 8 पर्यंत जाता येतं, पण टेबलावर खरे जितके मॉनिटर आहेत तितकेच ठेवा, व्हीएमचे जास्त झाले तर फुल स्क्रीनला जाताना अडतं.

त्याच पानावर व्हिडिओ मेमरीचा स्लायडर आहे, तो विसरू नका. हिशोब सोपा आहे, एका पिक्सेलला 4 बाइट, म्हणजे 1920 गुणिले 1080 गुणिले 4, साधारण 8 एमबी एका फुल एचडी स्क्रीनला. दोन स्क्रीनचे 16. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पुढेमागे फोर-के मॉनिटर आणलात तर एकाच स्क्रीनला 32 च्या आसपास लागतात आणि तीन असले तर शंभराच्या जवळ गेलात. मी सरळ 128 वर नेऊन ठेवतो आणि विषय संपवतो. मेमरी कमी पडली तर फुल स्क्रीनला जाताना व्हर्च्युअलबॉक्स तक्रार करतं, आणि लोक ती खिडकी न वाचता बंद करून 'चालत नाही' म्हणून मोकळे होतात.

खाली ग्राफिक्स कंट्रोलर असं एक खातं दिसेल, गेस्ट (म्हणजे व्हीएमच्या आत चालणारी सिस्टीम) विंडोज असेल तर व्हीबॉक्सएसव्हीजीए आणि लिनक्स असेल तर व्हीएमएसव्हीजीए. तुमचं बहुतेक आधीच बरोबर असेल, काही जुळत नसेल तर खाली पिवळी खूण येते, तिच्यावर माऊस नेला की काय बिघडलंय ते सांगते.

आता मशीन चालू करा आणि आत गेस्ट अ‍ॅडिशन्स (आतल्या सिस्टीमसाठी व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर वगैरे) टाकल्या नसतील तर टाका, डिव्हाइसेस मेनूत सगळ्यात खाली त्यांची सीडी घालायचा पर्याय असतो, ती आतल्या विंडोजमधून चालवायची आणि रीस्टार्ट करायचं. विंडोजच्या स्वतःच्या साध्या ड्रायव्हरला त्या खोट्या कार्डाचा दुसरा पोर्ट ओळखता येत नाही, त्यामुळे हे केलं नाही तर वरची सगळी मेहनत वाया.

सगळं नीट झालं की एकाऐवजी दोन विंडो उघडतील. दुसरी आली नाही तर व्ह्यू मेनूत 'व्हर्च्युअल स्क्रीन 2' मधे जाऊन ती एनेबल करा. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधे 1 आणि 2 असे दोन चौकोन दिसतील, तिथे 'एक्सटेंड' निवडा. आता होस्ट की आणि एफ, होस्ट की म्हणजे मुद्दाम बदलली नसेल तर उजवीकडचं कंट्रोल. दोन्ही मॉनिटर भरतील आणि मेसेज फटीत न येता एका मॉनिटरवर सरळ उघडेल.

एक गंमत मात्र बहुतेकांना भेटते. पहिल्यांदा केलं तेव्हा मी एक फाइल उजवीकडे ओढायला गेलो, माऊस उजव्या कडेला भिंतीला आपटल्यासारखा थांबला, आणि डावीकडे नेला तर उजव्या मॉनिटरवर उगवला. मी माऊसच बदलून पाहिला, इतका गोंधळलो. झालं इतकंच होतं की व्हीएमची स्क्रीन 1 माझ्या उजव्या मॉनिटरवर जाऊन बसली होती आणि 2 डाव्या. फुल स्क्रीनमधे असताना माऊस खाली मधोमध नेला की छोटी पट्टी वर येते, तिथे व्ह्यूमधे प्रत्येक व्हर्च्युअल स्क्रीनला होस्टची (म्हणजे बाहेरच्या खऱ्या मशीनची) कुठली स्क्रीन द्यायची ते निवडता येतं. किंवा विंडोजच्या सेटिंगमधे ते दोन चौकोन उलटसुलट ओढा, तरी भागतं. एकच काहीतरी करा, दोन्ही केलंत तर परत जैसे थे.

प्रश्न : मी हायपर-व्ही (विंडोजमधलंच व्हीएम चालवायचं साधन) वापरते, तिथे मॉनिटर काउंट वगैरे काही सेटिंगच सापडत नाही. शिवाय माझ्याकडे तीन मॉनिटर आहेत, व्हीएमला त्यातले दोनच द्यायचेत, तिसऱ्यावर मेल आणि चॅट होस्टवरच राहू दे.

उत्तर : सापडणार नाही, कारण तिथे ते नसतंच. हायपर-व्हीच्या साध्या सेशनला एकच मॉनिटर असतो. जास्त हवे असतील तर 'एनहान्स्ड सेशन' लागतं, ते आतून रिमोट डेस्कटॉपच (दुसऱ्या मशीनची स्क्रीन आपल्याकडे आणून वापरायची विंडोजची सोय) आहे, फक्त नेटवर्कवरून न जाता मशीनच्या आतल्या रस्त्याने जातं. ते चालू असलं की कनेक्ट करताना रिझोल्यूशनचा स्लायडर असलेली एक खिडकी येते, तो ओढत शेवटच्या टोकाला फुल स्क्रीनवर न्यायचा आणि 'यूज ऑल माय मॉनिटर्स' ला टिक करायची. ही खिडकी येतच नसेल तर बघा, आतलं विंडोज होम एडिशनचं तर नाही ना? होममधे दुसऱ्याला आत घेणारा रिमोट डेस्कटॉप नसतो, मग एनहान्स्ड सेशनही नाही, कितीही सेटिंग उलथीपालथी करा.

पण इथे 'ऑल' म्हणजे ऑल, तिन्ही जाणार. दोनच द्यायचे तर आडवाट आहे आणि मला विचाराल तर तीच जास्त बरी. आतल्या विंडोजमधे रिमोट डेस्कटॉप चालू करा आणि होस्टवरून नेहमीच्या रिमोट डेस्कटॉपनेच जोडा. जोडणीची सेटिंग फाइलमधे सेव्ह करा, तिचं एक्सटेंशन आरडीपी असतं, आणि ती नोटपॅडमधे उघडा. साधी मजकुराची फाइल आहे, घाबरायचं काही नाही. त्यात 'यूज मल्टीमॉन:आय:1' ही ओळ हवी आणि तिच्याखाली 'सिलेक्टेडमॉनिटर्स:एस:0,1' अशी दुसरी (दोन्ही अर्थात इंग्रजी अक्षरात, यूज आणि मल्टीमॉनच्या मधे एक स्पेस, सिलेक्टेडमॉनिटर्स सगळं जोडून). 0 आणि 1 च्या जागी तुमच्या मॉनिटरचे नंबर. ते नंबर अंदाजाने टाकू नका, डिस्प्ले सेटिंगमधे दिसतात ते आणि हे एकच असतील असं नाही, रनमधे 'एमएसटीएससी /एल' (एमएसटीएससी म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा प्रोग्रॅम) दिलं की प्रत्येक मॉनिटरचा नंबर दाखवणारी छोटी खिडकी येते, त्यातले घ्या. यादीत जो नंबर पहिला तो व्हीएमचा मुख्य मॉनिटर होतो. आणि निवडलेले दोन्ही एकमेकांना लागून हवेत, डावा आणि उजवा घेऊन मधला मेलसाठी ठेवू म्हणाल तर ते जमणार नाही, मेल कडेच्या मॉनिटरवर न्या.

कुणी 'एमएसटीएससी /स्पॅन' वापरा म्हणून सांगितलं तर ऐकू नका. स्पॅन म्हणजे वरच्या वाचकाने विंडो ताणली तोच प्रकार, एकच मोठा आयत. त्याला सगळे मॉनिटर सारख्या रिझोल्यूशनचे लागतात. विंडोज 7 पासून '/मल्टीमॉन' आलं, त्यात आतल्या मशीनला खरोखरचे वेगवेगळे मॉनिटर दिसतात.

प्रश्न : केव्हीएमवर (लिनक्समधलं व्हीएम चालवायचं साधन) व्हर्ट-मॅनेजरच्या (तिथे व्हीएम सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) खिडकीत दुसरी स्क्रीन उघडायला जागाच नाहीये का?

उत्तर : नाही, ती खिडकी एकाच स्क्रीनपुरती आहे. मशीन तिथून चालू करा आणि बघायला व्हर्ट-व्ह्यूअर वापरा, त्यात व्ह्यू, डिस्प्लेज, 'डिस्प्ले 2' असं मिळेल. डिस्प्लेचा प्रकार (व्हीएमची स्क्रीन बाहेर दाखवायची पद्धत) स्पाइस हवा, व्हीएनसी असेल तर बदला, आणि गेस्टमधे स्पाइसचा एजंट (आत चालणारा मदतनीस प्रोग्रॅम) टाकलेला असू दे, नाहीतर खिडकीचा आकार बदलला तरी आतलं रिझोल्यूशन हलत नाही. क्यूएक्सएल हे व्हर्च्युअल ग्राफिक्स कार्ड वापरत असाल तर लिनक्स गेस्टला एकाच कार्डावर अनेक स्क्रीन चालतात, विंडोज गेस्टला मात्र दर मॉनिटरमागे एक वेगळं क्यूएक्सएल कार्ड हार्डवेअरमधे जोडावं लागतं. विंडोज आत असेल तर बहुतेक तिथेच अडलं असणार.

प्रश्न : व्हीएमवेअर वर्कस्टेशनमधे फुल स्क्रीन केलं तरी एकच मॉनिटर. वरचं सगळं करायला लागेल का?

उत्तर : नाही नाही. व्हीएमवेअर टूल्स (तिथले आतल्या सिस्टीमसाठीचे ड्रायव्हर वगैरे) टाकलेले आहेत ना बघा, सेटिंगच्या डिस्प्लेमधे 'यूज होस्ट सेटिंग फॉर मॉनिटर्स' निवडलेलं असू दे, आणि फुल स्क्रीनमधे वरून जी पट्टी उतरते तिच्यावर मॉनिटरच्या चित्राचं एक बटण आहे, 'सायकल मल्टिपल मॉनिटर्स', ते दाबा. तीन-चार मॉनिटर असतील तर दाबत राहा, वेगवेगळ्या जोड्या फिरत येतात, हवी ती आली की थांबायचं.