प्रश्नोत्तरे : ट्यूबा, ट्रॅक आणि श्वास

प्रश्न : नाशिकमध्ये कॉलेज रोडवरच्या एका छोट्या सभागृहात माझं अर्ध्या तासाचं पहिलं सोलो ट्यूबावादन (ट्यूबा म्हणजे फुंकून वाजवायचं, खर्जातलं मोठं पितळी वाद्य) आहे. पियानोच्या साथीला कुणी मिळत नाही, म्हणून रेकॉर्डेड साथीवरच्या आधुनिक रचना घ्यायच्या आहेत. निवड कशी करू?

उत्तर : ट्रॅक, म्हणजे रेकॉर्ड केलेली साथ, ऐकण्याआधी नोटेशन उघडा आणि श्वास कुठे घेणार, तिथे पेन्सिलने खुणा करा. ट्यूबाला हवा भरपूर लागते. खालचे स्वर जोरात वाजवले की काही सेकंदांतच दम संपतो. पियानोवादक तुमचे खांदे वर गेलेले पाहून जरा थांबतो, ट्रॅक थांबत नाही. तबलजी नगम्याच्या (तालाच्या आवर्तनात फिरणाऱ्या ठरलेल्या धुनेच्या) ॲपवर रियाज करतात, पण तिथे एक सम हुकली तरी पुढच्या आवर्तनात सापडते. इथे ती सोय नाही. म्हणून ज्या ट्रॅकमध्ये लांबलेले, ठहराव असलेले आवाज आहेत आणि सेकंदभर उशिरा आलात तरी बिघडत नाही, अशा रचना आधी निवडा. प्रत्येक मात्रेला ट्रॅकशी जुळावं लागतं अशी रचना एकच ठेवा, तीही दम ताजा असताना, सुरुवातीला.

दुसरी पारख खर्जाची. ट्यूबाच्या खालच्या पट्टीतला बी-फ्लॅट सुमारे 58 हर्ट्झचा असतो. ट्रॅकमध्येही तिथेच घरघर असेल, तर प्रेक्षकांना नुसता गोंगाट ऐकू येईल. घंटानाद, माणसांचे आवाज, वरचे टोकदार ठोके असलेले ट्रॅक घ्या, त्यांच्याखाली ट्यूबा स्वच्छ ऐकू येतो. शोध कुठून सुरू करायचा म्हणाल, तर नील कॉरवेल यांच्यापासून. ते स्वतः युफोनियम (ट्यूबाचंच लहान, वरच्या सुराचं भावंड) वाजवतात आणि त्यांनी रेकॉर्डेड साथीसह बऱ्याच रचना केल्या आहेत.

अख्खा अर्धा तास मात्र ट्रॅकवर काढू नका, कान थकतात. मध्ये एक साथीविना रचना हवी. संगीतकार पेंडेरेत्स्की यांचं एकट्या ट्यूबासाठीचं ‘काप्रिच्चो’ (1980) हात बसला असेल तरच घ्या. ट्यूबावादक ओय्स्टाइन बाड्सविक यांच्या ‘फ्नुग’मध्ये वाजवता वाजवता गायचं असतं. सोपं तेही नाही, पण ट्यूबा कधी न पाहिलेला श्रोता त्याला सरसावून बसतो.

प्रश्न : आमचे सर म्हणतात, ट्रॅकवर वाजवणं म्हणजे कराओके. खरं का?

उत्तर : अर्धं खरं. कराओकेत आधीच झालेल्या गाण्यातून गायक काढून टाकलेला असतो. इथे संगीतकार वाद्य आणि ध्वनिफीत दोन्ही मिळून एक रचना करतो. ब्रूनो मादेर्ना यांनी बासरी आणि टेपसाठी असं 1952 मध्येच केलं होतं. पण संगीतकार हिंडेमिथ यांचा ट्यूबा आणि पियानोसाठीचा सोनाटा (1955) घेऊन त्याचा पियानो फोनवरून वाजवणार असाल, तर सरांचंच खरं. त्यातला पियानो बरोबरीचा भिडू आहे. माणूस मिळेपर्यंत तो सोनाटा राहू द्या.

प्रश्न : देवळाली कॅम्पला थंडीत सकाळी सराव करतो. ट्रॅकपेक्षा माझा सूर सतत खाली लागतो. वाद्यात दोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. नळीतली हवा गार असली की ध्वनीचा वेग घटतो आणि सूर उतरतो. हवा 10 अंशांनी गार झाली, तर हिशेबाने जवळपास 30 सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा तिसरा हिस्सा. फुंकरीच्या उबेने तो फरक कमी होतो, म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं हळू, लांब स्वर काढा. वाद्य गाडीत ठेवू नका. मुख्य स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) पूर्ण आत ढकलूनही सूर खालीच राहत असेल, तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकचा सूर काही सेंटनी उतरवा. लय तशीच राहते. मात्र हे सभागृहात, एसी चालू असताना तपासा.

प्रश्न : मी पंचवटीतला, लग्नाच्या बँडमध्ये सुझाफोन (अंगाभोवती गुंडाळून धरायचा ट्यूबा) वाजवतो. तोच घेऊन असा कार्यक्रम करता येईल का? आणि ट्रॅकची लय कशी धरायची?

उत्तर : बिनधास्त करा. फक्त सुझाफोनचं तोंड समोर असतं, त्यामुळे आवाज थेट अंगावर येतो. थोडे तिरके उभे राहा. लयीसाठी फाइलच्या डाव्या चॅनलवर क्लिक (मात्रा मोजणारी टकटक) आणि उजव्यावर साथ ठेवा. डावा तुमच्या एका कानात, उजवा स्पीकरला. साउंडवाल्याला हे दोनदा सांगा, नाहीतर टकटक सगळ्या सभागृहाला ऐकू येते. सुरुवातीला चार मात्रा नुसती क्लिक असू द्या. स्पीकर तुमच्या शेजारी, कानाच्या उंचीवर असावा. लांबच्या खांबांवर टांगलेल्या स्पीकरमधून साथ एकीकडून आणि तुम्ही दुसरीकडून, असं होतं. आणि ट्रॅक फोनवर असेल, तर तो फ्लाइट मोडवर टाका.