पुलिंग (बोट वल्हवायच्या) टीममध्ये नवीन आलायस ना, मग ऐक
हाताला फोड आले म्हणून घाबरू नको रे, सगळ्यांनाच येतात, फक्त फोडू नको, खारं पाणी लागलं की जाम झोंबतं. एनसीसीची व्हेलर, म्हणजे आपली वल्ह्याची बोट, २७ फुटी नि वल्ही पाचच, एकीकडे ३ दुसरीकडे २, म्हणजे एकाने दांडी मारली की बाकीचे चार रत्नागिरीच्या भाट्याच्या पुळणीवर नुसते बसून, आम्ही बसलोय ना. जोर नंतर लाव, आधी स्ट्रोकवाल्याच्या (जो सगळ्यांना ताल देतो त्याच्या) पाठीवर नजर ठेव, ती वाकली की तूपण वाक. ओहोटीला गाळात उतरून बोट ढकलायची वेळ येते तेव्हा पहिला उतर, माझी दोस्ती तिथेच जमली (चप्पल गाळातच राहिली). आणि उद्या डब्यात घावणे आण, कॉक्सला (सुकाणू धरतो त्याला) दोन जास्त.