नोटीस आली म्हणून रातोरात घर सोडू नका

कॅलिफोर्नियातल्या शेतमजूर कुटुंबांसाठी धडपडणाऱ्या तिथल्या मराठी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे.

प्रश्न : वॉटसनव्हिलमधल्या एका मिश्तेको (मेक्सिकोतला एक आदिवासी समाज, त्यांची भाषाही मिश्तेकोच) कुटुंबाचं स्ट्रॉबेरीचं काम पावसामुळे बंद आहे. भाडं थकलं, तीन दिवसांची नोटीस आली. 'निघा, नाहीतर इमिग्रेशनला कळवतो,' असं घरमालक म्हणतो. त्यांनी सामान बांधायला घेतलंय.

उत्तर : आधी ते बांधणं थांबवा. तीन दिवसांची नोटीस म्हणजे चौथ्या दिवशी रस्त्यावर नव्हे. शनिवार, रविवार आणि कोर्टाच्या सुट्ट्या सोडून तीन दिवसांत नोटिशीतली सगळी रक्कम भरली, तर घर राहतं. नाही जमलं तर मालकाला कोर्टात जावंच लागतं. घर रिकामं करून घेण्याचा अधिकार शेरीफचा, म्हणजे कौंटीच्या पोलिस प्रमुखाचा, तोही निकालानंतर. मालकाने स्वतः कुलूप बदलणं किंवा वीज-पाणी तोडणं बेकायदा आहे.

दाव्याचे कागद हातात पडले की मात्र एक दिवसही वाया घालवू नका. १ जानेवारी २०२५ पासून उत्तर द्यायला कामकाजाचे दहा दिवस मिळतात, पूर्वी पाचच होते. उत्तर गेलं नाही तर निकाल एकतर्फी लागतो. कोर्टाच्या मदत केंद्रात अर्ज भरायला फुकट मदत मिळते, फी माफीचा अर्जही तिथेच मिळतो. दुभाषा मागताना मिश्तेकोचा मागा आणि त्यांच्या मूळ गावाचं नाव सांगा. या भाषेच्या बोली एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत, आणि कित्येकांना स्पॅनिश नीट येत नाही. 'समजलं ना?' विचारल्यावर भिडेपोटी मान हलवणारी माणसं कोर्टात हरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता ती धमकी. भाडेकरूला बाहेर काढण्यासाठी इमिग्रेशनची भीती घालायला २०१८ पासून कायद्याने मनाई आहे. धमकीचे मेसेज पुसू देऊ नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

प्रश्न : सॅलिनासमधलं आमचं घर अशाच एका कुटुंबाकडे भाड्याने आहे. त्यांना काढायचं नाही, पण आमचाही हप्ता आहे.

उत्तर : मग त्यांच्या हंगामाप्रमाणे हप्ते बांधून द्या. हिवाळ्यात लेट्यूसचं काम ॲरिझोनातल्या युमाकडे सरकतं आणि सॅलिनासमधली कमाई आटते. हिवाळ्यात झेपेल तेवढं घ्या, थकबाकी एप्रिलपासून थोडी थोडी फेडू द्या. हे लेखी करा, त्यांना कळेल त्या भाषेत. कागदपत्रं नसलेल्या मजुराला बेकारी भत्ता मिळत नाही, तेव्हा 'सरकारकडून काहीतरी मिळत असेल' असं धरून चालू नका.

प्रश्न : आमच्या मंडळाने थोडे पैसे जमवलेत. कुटुंबाच्या हातात द्यावेत का?

उत्तर : भाड्यासाठीच असतील तर कुटुंबाला विचारून मालकाच्या नावे चेक द्या. मात्र त्याआधी 'या रकमेनंतर नोटीस मागे घेतली' असं त्याच्याकडून लिहून घ्या. अर्धवट रक्कम भरूनही दावा सुरूच राहिला, तर तुमचे पैसे गेले आणि घरही गेलं. भाड्याची पावती मागणं हा भाडेकरूचा हक्क आहे. रोखीने भरणाऱ्यांना तो आवर्जून सांगा.

प्रश्न : घर गेलंच आणि नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहावं लागलं, तर मुलांची शाळा?

उत्तर : तीच शाळा सुरू ठेवता येते. बेघर मुलांच्या शिक्षणासाठीच्या मॅककिनी-व्हेंटो या अमेरिकी केंद्रीय कायद्यात अशी मुलं बेघर धरली जातात. पत्त्याचा पुरावा नसला तरी शाळा नाकारू शकत नाही, आणि जुन्या शाळेत येण्या-जाण्याची सोयही शाळा-जिल्ह्याने (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने) करायची असते. प्रत्येक शाळा-जिल्ह्यात यासाठी नेमलेली व्यक्ती असते. शाळेच्या ऑफिसात तिचं नाव विचारा.