घर बदललं की संगत बदलते का?

"आठवीतला मुलगा रोज संध्याकाळी नाक्यावरच्या पोरांत असतो. घोडबंदरला एखाद्या कॉम्प्लेक्समध्ये वन आरके घेतला तर सुधारेल का?" हा कळव्याच्या चाळीत राहणाऱ्या एका आईचा प्रश्न. ठाण्यातले बरेच पालक तो थोड्याफार फरकाने विचारतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील वागळे इस्टेटमध्ये फिटर, आई डबे करते. मिळून २८ हजार. भाडं ७ हजारांचं १५ होणार. धाकटी मुलगी पहिलीत.

आईची काळजी उगाच नाही. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली अमेरिकेतल्या ७ कोटींहून जास्त लोकांची फेसबुकवरची मैत्री तपासली. जिथे गरीब घरच्या मुलांची सधन घरच्यांशी मैत्री जास्त, तिथली गरीब मुलं मोठेपणी जास्त कमावतात, असं दिसलं. पण दोन थरांतल्या दुराव्याचं साधारण निम्मं कारण एकत्र न येणं हे होतं आणि निम्मं एकत्र येऊनही मैत्री न होणं. टॉवरच्या क्लबहाऊसमध्ये भाडेकरूच्या पोराला कोण खेळायला घेतं, हे कळायला अमेरिकेत जावं लागत नाही.

शिवाय वयाचा मुद्दा. तिथेच १९९४ ते १९९८ दरम्यान गरीब वस्तीतल्या कुटुंबांना सोडत काढून घरभाड्याची मदत दिली होती. तेराच्या आत असताना बऱ्या वस्तीत गेलेल्या मुलांची विशी-पंचविशीतली कमाई सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. तेरा ओलांडलेल्यांना फायदा दिसला नाही.

मुलाला वहीत दोन रकाने आखायला सांगितले: ओळखीतली माणसं काय करतात, आणि तिथवर कशी पोचली. पहिला पटकन भरला. रिक्षा, सिक्युरिटी, डिलिव्हरी, वडापावची गाडी, फिटर. दुसरा कोराच. बाबांनी आयटीआय केलंय, हेही त्याला माहीत नव्हतं. नाक्यापेक्षा जास्त नुकसान हा कोरा रकाना करतो.

म्हणून महिन्याला एक माणूस ठरला, सुरुवात बाबांपासून. मग कंपनीतला डिप्लोमावाला सुपरवायझर, मग आईचा डबा घेणारी नर्स. प्रश्न तीनच: काय शिकलात, फी किती लागली, पहिला पगार किती. पालकांनी तिथे थांबायचं नाही. "बघ, शीक जरा" असं आई म्हणाली की मुलगा तोंड मिटतो.

नाक्यावर बंदी घातली नाही. घातली की पोरं लपून जातात. आठवड्यातून चार संध्याकाळी कबड्डीचा सराव लावला. ठरलेली वेळ, तेच पंधरा-वीस चेहरे, वेगवेगळ्या घरांतली मुलं. मैत्री जमते ती अशाच ठिकाणी.

शाळा अनुदानित, म्हणून एनएमएमएस ही कमी उत्पन्नाच्या घरांतल्या आठवीच्या मुलांसाठीची सरकारी शिष्यवृत्ती परीक्षा याच वर्षी द्यायची. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, यांचं ३ लाख ३६ हजार, जेमतेम बसतात. अर्ज शाळेमार्फतच जातो, तेव्हा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवायचा.

राहता राहिलं घर. वयाचा हिशेब केला तर त्याचा उपयोग धाकटीला जास्त. पण आईची डब्यांची गिऱ्हाइकं सगळी कळव्यात. आज हललं तर भाडं दुप्पट आणि कमाई निम्मी. धाकटी तिसरीत जाईपर्यंत घोडबंदरला दहा डबे लागतात का, हे आई आता चाचपून बघते आहे.