एप्रिल-मेमध्ये टेनिस सुरू करताय? मग हे वाचा

पुण्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा सकाळी ६ ते ८ एवढीच वेळ धरा. संध्याकाळी ऊन उतरलं तरी सिमेंटचं कोर्ट तापलेलंच असतं. सातच्या आत नकोच.

आपल्याकडचा उन्हाळा कोरडा. घाम लगेच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळतच नाही. म्हणून तहानेची वाट न पाहता खेळाच्या दोन तास आधी अर्धा लिटर पाणी घ्या आणि बाजू बदलताना दर वेळी चार-पाच घोट. तासापेक्षा जास्त खेळणार असाल तर नुसतं पाणी ढोसू नका, रक्तातलं मीठ पातळ होतं. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. (चमचा चहाचा, पोह्यांचा नव्हे!) रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पहिला आठवडा २०-३० मिनिटंच खेळा. ओला पंचा मानेवर ठेवायला हवाच. पोटरीत गोळा आला, डोकं ठणकलं, मळमळलं की थांबा, सावलीत बसा. कुणी असंबद्ध बोलायला लागलं किंवा भोवळ येऊन पडलं, तर तो उष्माघात समजा. अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

आणि रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवू नका, तारा सैल पडतात.