मुलीला पर्यावरणात काम करायचंय. पोट भरेल का?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करतात, पत्नी घरी विड्या वळते. धाकटी मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. ते लिहितात:

"ती म्हणते, मला पर्यावरणात काम करायचंय. संशोधन करीन, पण लोकांमध्ये राहून करीन. रविवार उजाडला की हिप्परगा तलावावर पक्षी मोजायला जाते, नाहीतर तळ्याकाठचा कचरा उचलायला. आम्हाला कौतुक आहे. पण यात नोकरी असते का? पगार कोण देतं? मोर्चाबिर्चात गेली, केस झाली, तर पुढे लग्नाचं काय? त्यापेक्षा बी.एड. करून शाळेत लागली तर बरं, असं आम्हा दोघांना वाटतं. आमचं चुकतंय का?"

नमस्कार.

तुमचं चुकत नाही. आठवड्याच्या पगारावर घर ओढणाऱ्या माणसाने पहिला प्रश्न पैशाचाच विचारायचा. म्हणून मीही पैशापासूनच सुरुवात करते.

एम.एस्सी. झाल्यावर यूजीसीची नेट परीक्षा देता येते. तिच्यात पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती, मिळाली तर पीएच.डी. करताना पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 रुपये आणि पुढे 42,000 रुपये मिळतात, घरभाडं भत्ता वेगळा. वयाची अट 30 वर्षांची, मुलींना पाच वर्षांची सूट. याशिवाय बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्था आपापल्या समाजगटातल्या मुलांना संशोधनासाठी अधिछात्रवृत्ती देतात. एमपीएससीच्या वनसेवेला वनस्पतिशास्त्राची पदवी चालते. कंपन्यांमध्येही जागा निघू लागल्या आहेत, कारण शेअर बाजारातल्या सगळ्यात मोठ्या 1,000 कंपन्यांना 2022-23 पासून पाणी, वीज, कचरा, कामगार यांचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा लागतो. तुमच्या कारखान्याचा माल परदेशी जात असेल तर 'ओइको-टेक्स'सारख्या, कापडात घातक रसायनं नाहीत असं सांगणाऱ्या प्रमाणपत्रांबद्दल ऑफिसात बोलणं चालतं ते तुमच्या कानावर आलं असेल. ती कागदपत्रं तयार करणारंही कुणीतरी लागतंच.

स्वयंसेवी संस्थांमध्ये सुरुवातीचा पगार खासगी शाळेतल्या नव्या शिक्षकापेक्षा फार वेगळा नसतो. कामही बरेचदा प्रकल्पावर असतं, दोन-तीन वर्षांनी नवा प्रकल्प शोधावा लागतो. हे मी लपवणार नाही. मुलीलाही हे आजच सांगा, कारण पाच वर्षांनी कळलं तर ती खचेल.

आता कामाबद्दल. पर्यावरणातलं संशोधन म्हणजे पांढरा कोट आणि चळवळ म्हणजे घोषणा, असं चित्र आपल्या डोक्यात बसलंय. मला वाटतं, तुमची काळजी निम्मी त्या चित्रामुळे आहे. पाणी, जमीन, हवा पुढच्या पिढीलाही पुरावी आणि आज ज्यांच्या वाट्याला ती येत नाही त्यांनाही मिळावी, यासाठी खरं काम करणारी माणसं बहुतेक वेळ मोजणी करत असतात. मोजलेलं घेऊन ती लोकांकडे जातात आणि लोकांना घेऊन सरकारकडे.

पुण्याचं उदाहरण घ्या. 1990च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवायला गेल्या. शिकवता शिकवता त्यांच्या लक्षात आलं की या बायकांना अक्षरांच्याही आधी कामगार म्हणून मान हवा आहे. डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. मोर्चे निघालेच, पण सोबत मोजणीही झाली: एक बाई दिवसाला किती माल वेचते, आणि त्यामुळे महापालिकेचा कचरा वाहून नेण्याचा किती खर्च वाचतो. हा हिशेब टेबलावर आला तेव्हा 'कचरेवाल्या' म्हणून हाकलल्या जाणाऱ्या बायकांशी शहराला बोलावं लागलं. महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, पुढे आरोग्य विमा आला आणि 2008 साली त्याच बायकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करू लागली.

ओळखपत्राची किंमत तुमच्या घरात मी काय सांगू? तुमच्या पत्नीकडे विडी कामगाराचं कार्ड असेल. त्याच कार्डावर मुलांना शिष्यवृत्ती मिळते, दवाखाना मिळतो. ते कार्ड आपोआप आलं नाही. विडी कामगारांची मोजदाद करून, संघटना बांधून, कायद्यासाठी भांडून ते कुणीतरी मिळवलं आहे. तुमची मुलगी जे करू म्हणते ते याच जातीचं काम आहे, म्हणजे तुमच्या घराला ते परकं नाही.

दुसरं उदाहरण अगदी आपल्या दाराशी आहे. नान्नजचा माळढोक. सोलापूरच्या पक्षीनिरीक्षकांनी या पक्ष्याकडे लक्ष वेधलं आणि 1979 साली अभयारण्य झालं. अभ्यास करणाऱ्यांचा तो मोठाच विजय होता. पण अभयारण्याची हद्द आखली गेली तब्बल 8,496 चौरस किलोमीटरची. तिच्यात शेतं आली, गावं आली, गावठाणं आली. जमिनीचा व्यवहार करायचा तर अडचण, रस्ता करायचा तर परवानगी. ज्या शेतकऱ्याच्या माळावर माळढोक पिढ्यान् पिढ्या निवांत फिरत होता त्यालाच तो पक्षी नकोसा झाला. पुढे हद्द कमी होऊन 1,222 चौरस किलोमीटरवर आली. तोवर मनं दुरावली होती. माळरानं नांगरली गेली, विजेच्या तारा आल्या आणि आज तिथे माळढोक दिसणं ही नवलाची गोष्ट झाली आहे. पक्षी मोजणारे होते, पण त्याच माळावर मेंढरं चारणाऱ्याला सुरुवातीलाच विचारायला कमी माणसं होती. दोन्ही भाषा बोलणारी मुलंमुली या जिल्ह्याला हवी आहेत, असं मी दर वर्षी म्हणते ते यासाठी.

माझ्याकडे मार्गदर्शनासाठी येणाऱ्या एका मुलीची गोष्ट सांगते. मोहोळ तालुक्यातल्या आपल्या गावच्या चार विहिरींची पातळी तिने वर्षभर मोजली. साधन म्हणजे सुतळी, दर अर्ध्या मीटरला गाठ आणि टोकाला बांधलेलं लोखंडी वजन. वजन पाण्याला टेकलं की 'डुबुक' आवाज येतो, तिथे दोरी चिमटीत धरायची, वर ओढून गाठी मोजायच्या आणि कठड्याची उंची वजा करायची. फेब्रुवारीपर्यंत पाणी खाली खाली गेलं. एप्रिलमध्ये दोन विहिरींचं पाणी चक्क वर आलं. पोरगी चक्रावली. मोजण्यात चूक झाली असं समजून ती पान फाडणार होती. शेजारच्या शेतात खुरपणाऱ्या आजी म्हणाल्या, "अगं, उजनीचं आवर्तन सुटलंय की. कालव्याला पाणी आलं की आमच्या विहिरी भरत्यात." त्या दोन विहिरी कालव्याच्या खालच्या अंगाला होत्या. कालव्यातून झिरपणारं पाणी त्यांना मिळत होतं, वरच्या अंगाच्या विहिरी कोरड्याच राहत होत्या.

मग तिची वही बदलली. पाण्याच्या आकड्याशेजारी तिने एक रकाना वाढवला: 'शेतात काय आहे'. कालव्याखाली ऊस होता, वर ज्वारी. आपल्याकडे पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि उसाला वर्षाला दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं, हे तिने पुस्तकात वाचलेलं होतं. पण त्याचा अर्थ तिला त्या चार विहिरींनी शिकवला. उन्हाळ्यात तिने तो तक्ता ग्रामसभेत भिंतीवर लावला. ऊस बंद झाला का? नाही. कारखाना पैसे देतो, ज्वारीला भाव नाही, शेतकऱ्याने काय करावं? पण वरच्या अंगाच्या सहा घरांना उन्हाळ्यात टँकर आधी मिळावा एवढं त्या सभेत ठरलं. मला हे फार मोलाचं वाटतं. विलासराव साळुंखे नावाच्या अभियंत्याने 1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणी पंचायत सुरू केली. तिचा नियम होता: पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणशी वाटायचं, भूमिहीनालाही हिस्सा द्यायचा आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही. तोही असाच मोजत मोजत आणि लोकांबरोबर बसत बसत ठरला होता.

तुमच्या मुलीला तर आणखी अवघड आणि म्हणून आणखी गरजेचा प्रश्न घरातच मिळाला आहे. सूत रंगवताना निघणारं पाणी. उद्या कुणी म्हणेल, डाईंग बंद करा. ते पाणी वाईट आहे हे खरं. पण डाईंग बंद झालं तर सूत कुठून येणार, आणि सूत नाही आलं तर माग कसा चालणार, हे तुम्हाला माहीत आहे. बाहेरून आलेला संशोधक पाण्याचा नमुना घेऊन जाईल. तुमची मुलगी नमुनाही घेईल आणि रंगाच्या टाकीवर उभ्या असलेल्या कामगाराच्या हाताची कातडी का सोलते हेही विचारील. पाणी शुद्ध करायचा खर्च छोट्या मालकाला एकट्याला झेपत नसेल तर चार जणांनी मिळून कसा उचलायचा, हा हिशेब मांडायला असंच माणूस लागतं. याच विषयावर तिने एम.एस्सी.चा प्रकल्प करावा असं मी सुचवीन.

केसच्या भीतीबद्दल. तुमची भीती खोटी नाही. वाळू, सांडपाणी, जमीन यांत पैसा असतो, आणि पैसा असतो तिथे दमदाटीही असते. म्हणून या मुलांना मी काही गोष्टी पक्क्या सांगते. पाहणीला एकटीने जायचं नाही. जे मोजलं नाही ते बोलायचं नाही. प्रत्येक नोंदीवर तारीख, वेळ, जागा. आणि कायद्याने दिलेली दारं आधी ठोठवायची. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो आणि एरवी 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी असेल तर किमान 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत ठेवावा लागतो आणि तिथे कुणीही उभं राहून बोलू शकतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. मोर्चा हे यातलं एक साधन, रोजचं काम नव्हे. आणि लग्नाचं म्हणाल, तर वर्षभर इमानाने वही लिहिणाऱ्या मुलीची किंमत ज्या घराला कळत नाही त्या घराची घाई तुम्ही करू नका, एवढंच मी आईच्या वयाची बाई म्हणून सांगते.

बी.एड.ला माझा विरोध नाही. शिक्षक होऊनही हे काम उत्तम करता येतं. पण मन नसताना, केवळ भीतीने बी.एड. केलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. नोकरीची वाट पाहण्यात त्यांची पाच-पाच वर्षं गेली. आधी एम.एस्सी. होऊ द्या, बी.एड. नंतरही करता येतं.

शिक्षणाच्या वाटा सोलापूरहून फार लांब नाहीत. आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचं एम.एस्सी. घरी राहून करता येईल, खर्चाला ते सगळ्यात हलकं. तिला माणसांमध्ये राहून काम करायचंय हे पक्कं असेल तर तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे, एसटीने तासा-दीड तासावर. उपजीविका आणि नैसर्गिक संसाधनं याच विषयांवर तिथे एम.ए. करता येतं. त्यासाठी सीयूईटी-पीजी परीक्षा द्यावी लागते. अर्जाची तारीख चुकवू नका, दर वर्षी निदान दोन मुलं तेवढ्यावरून राहतात. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, शहरात कोरडवाहू शेतीचं जुनं संशोधन केंद्र आहे. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीने तिथे जाऊन नम्रपणे "सुट्टीत काम शिकायला येऊ का" असं विचारावं. आणि गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 2006 साली सुरू केलेला 'निर्माण' उपक्रम आहे. आपलं काम कोणतं या प्रश्नात अडकलेल्या तरुणांची तिथे शिबिरं होतात. त्यासाठी तिने जरूर अर्ज करावा.

पण निकाल लागेपर्यंत थांबू नका. तुमच्या भागात एखादा जुना आड असेल, बहुतेक ठिकाणी जाळी टाकून बुजत चाललेला. तो तिने वर्षभर मोजावा. भूजल सर्वेक्षणवाले निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. तिने त्या चार महिन्यांत तरी चुकवू नये, जमलं तर दर पंधरवड्याला मोजावं. दोनशे पानी वही, तारीख, वेळ, पातळी, आणि शेजारी रिकामा रकाना, लोक काय म्हणतात ते लिहायला. तुमच्या आळीतल्या म्हाताऱ्यांना तो आड कधी भरलेला होता हे आठवत असेल. ते तिने विचारून घ्यावं. तिथे तेलुगू बोललं जात असेल तर तेलुगूतच लिहून घ्यावं.

पहिल्या दिवशी तुम्ही सुट्टी बघून तिच्याबरोबर जा. दोरी सोडून आवाज ऐकायला एक माणूस लागतं आणि वर ओढताना गाठी मोजायला दुसरं.